कामाच्या कागदावरचे शब्द



मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावचा एक पोरगा पेढे घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, नोकरी लागली. हा बघा कागद."

मी कागद वाचला. वर लिहिले होते, 'निवड यादीत आपले नाव आहे.' खाली बारीक अक्षरांत लिहिले होते, 'यादीत नाव असणे म्हणजे नेमणूक नव्हे.' पोराला वाचता येत होते. पण निवड काय आणि नेमणूक काय, त्याला दोन्ही एकच वाटले. त्या भरवशावर बापाने दुभती म्हैस विकली आणि शहरातल्या खोलीची अनामत भरली. नेमणुकीचा कागद काही आला नाही. जागा कमी झाल्या, असे उत्तर आले. म्हैस गेली ती गेलीच.

म्हणून आज मी माणसाला कामावर घेण्याच्या शब्दांविषयी बोलणार आहे. शब्द दिसायला सारखे असतात, पण त्यांचे वजन सारखे नसते.

भरती हा शब्द आपल्या घरातलाच. कणगी आपण धान्याने भरतो. समुद्राला भरती येते. तशा रिकाम्या जागा भरायच्या, ती नोकरभरती. भरती निघाली, म्हणजे जागा रिकाम्या आहेत एवढेच समजले. त्या आपल्याला मिळाल्या असे नव्हे. बिनकामाची माणसे कोंबली, तर तिला आपण खोगीरभरती म्हणतो. पलटणीत नवा भरती झालेला तो रंगरूट. त्या शब्दात रंगाचा काही संबंध नाही बरं का! इंग्रजीतला 'रिक्रूट' शिपायांच्या तोंडी फिरून फिरून रंगरूट झाला.

आता त्या पोराचा कागद घेऊ. अर्ज केला की आपण उमेदवार. उमेद धरून बसलेला, म्हणून उमेदवार. निवड म्हणजे पसंती. नेमणूक म्हणजे लेखी हुकूम. कोणती जागा, किती पगार, कोणत्या तारखेपासून, हे त्यात लिहिलेले असते. त्या तारखेला हजर होऊन सही केली, म्हणजे आपण रुजू झालो. पेढे वाटायचे तर तेव्हा वाटावेत. नेमणुकीच्या कागदावरही हंगामी, कंत्राटी की कायम, हा शब्द आधी शोधावा.

एकच शब्द दोन ठिकाणी दोन अर्थ घेतो, तेही पाहा. तलाठ्याची बदली झाली, म्हणजे तो दुसऱ्या गावी गेला. पण मुंबईच्या कापडगिरणीत बदली म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी घ्यायचा माणूस. तो सकाळी दारापाशी येऊन उभा राही. काम मिळाले तर मजुरी, नाही तर रिकाम्या हाताने परत. आत कोणाला घ्यायचे हे बराच काळ जॉबरच्या हातात असे, आणि तो त्याबद्दल दस्तुरी घेई. गावी मात्र निरोप जाई, 'पोरगा गिरणीत लागला.'

शिवाजी महाराजांच्या घोडदळात बारगीर असत आणि शिलेदार असत. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई. घोडा कोणाचा, यावरून माणसाचे नाव ठरत असे. आपल्या ऊसतोडीत तर हत्यार हेच माणसाचे नाव झाले आहे. मुकादम म्हणतो, "माझ्याकडे वीस कोयते आहेत." ती वीस लोखंडी पाती नव्हेत. ते वीस नवरा-बायको आहेत, म्हणजे चाळीस माणसे. बाई पहाटे भाकऱ्या थापून फडात जाते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते. हिशेबात ती अर्धा कोयता!

या कोयत्याला हंगामाआधी मुकादम पैसे देतो, त्याचे नाव उचल. उचल हा शब्द फसवा आहे. बक्षीस मिळाल्यासारखा वाटतो. पण ती मजुरी आहे, अजून न केलेल्या कामाची. टनामागे तोडणीचा जो दर मिळतो, त्यातून ती फेडायची. एक दिवस आजारी पडले तर खाडा लागतो. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या सालावर चढते. मग पुढच्या साली कोणाकडे जायचे, हे आपल्या हातात राहत नाही. पैशापोटी माणसाला असे कामावर अडकवून ठेवणे म्हणजे वेठबिगारी. 1976 च्या कायद्याने ती बंद केली आहे आणि तो गुन्हा आहे. हे मुकादमाला ठाऊक असते. आपल्यालाही ठाऊक असावे.

न वाचता अंगठा उठवण्याची गोष्ट जुनी आहे. 1834 पासून आपल्या देशातून मजूर मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर नेले गेले. त्यांत कोकणातलेही होते. त्यांच्याशी जो करार होई, त्याला इंग्रजीत 'ॲग्रीमेंट' म्हणत. मजुरांच्या तोंडी त्याचे गिरमिट झाले आणि माणसे झाली गिरमिटिये. आपल्याकडे सुताराच्या भोक पाडायच्या हत्यारालाही गिरमिट म्हणतात. शब्द वेगळे, पण करार तसाच खोल शिरला. पुष्कळजण परत आलेच नाहीत. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात.

आपल्या रात्रीच्या वर्गातल्या एका बाईंनी या खेपेला उचल घेताना मुकादमाला सांगितले, "कागदावर माझंबी नाव लिहा. तोडणार दोघं, तर नावं दोन." मुकादम कुरकुरला, पण त्याने लिहिले. बाईंनी हंगामभर चाळीस पानी वही ठेवली. तारीख, वजनकाट्यावरचे टन, खाडे, उचलीतून वळते झालेले पैसे. परवा ती वही त्यांनी वर्गात आणली. आम्ही ती मुकादमाच्या हिशेबाशी ताडून पाहिली. दोन खेपा तिकडे लागलेल्याच नाहीत. मंगळवारी दोघे नवरा-बायको वही घेऊन त्याच्याकडे जाणार आहेत.