शेवटची फ्रेम

मशीद बंदरचा जुना कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडला. त्याच वर्षी, तो वाहतुकीला बंद होण्याआधी, मी कृष्णधवल फिल्मचा एक रोल घेऊन तिथे गेलो होतो. कृष्णधवलमध्ये गंजाचा रंग जातो, पोत तेवढा उरतो. छत्तीसपैकी पस्तीस फ्रेम लोखंडा-दगडावरच संपल्या. इतक्यात चढावर एका माथाडीची हातगाडी अडली. फोटो घ्यावा की हात लावावा? कॅमेरा पाठीवर टाकून मी गाडी ढकलली. वर पोहोचल्यावर घाम पुसत तो म्हणाला, "आता काढा, साहेब."

२०२५ मध्ये तिथे नवा पूल खुला झाला. जुन्याचे पस्तीस फोटो माझ्या कपाटात आहेत. भिंतीवर मात्र तो एकच.