रविवारचे विमान



आम्ही चळवळीतली माणसे मजुरीचा दर मोजतो, पाळीचे तास मोजतो. परंतु लेकराच्या वाट्याला बाप किती तास येतो, हा हिशेब राहून जातो. तो आज आम्हांला आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

१८७८ साली अमेरिकेत मिल्टन राइट यांनी आपल्या मुलांना बूच, बांबू व कागद यांचे, पिळलेल्या रबराच्या जोरावर उडणारे खेळणे आणून दिले. ते मोडले, तेव्हा मुलांनी तसेच दुसरे केले. तीच मुले १७ डिसेंबर १९०३ रोजी विमानातून उडाली.

आज आपल्या अलिबाग-रेवदंड्याच्या मोकळ्या पुळणीवर बिनतारी लहरींनी चालणारे थर्माकोलचे विमान बापलेकांना करून उडवता येते. शेपटीकडे वजन जास्त झाले, की विमान नाक वर करते आणि कोसळते. म्हणून तोल आधी पाहावा. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. उड्डाण त्याच्या तोंडावर करावे. या वाऱ्यापुढे बाप आणि लेक, दोघेही उमेदवारच!

परंतु त्यासाठी मोकळा वार हवा. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. ती जादा कामाच्या चार पैशांना विकली जाते, तेव्हा लेकराचा वाटाही विकला जातो. मंडळी, मजुरी वाढवून जरूर मागू या; पण रविवार राखून मागू या.