सागवानी माडीची निगा



सौंसर-पांढुर्ण्याकडच्या जुन्या घरांमधून सागवानी माड्या अजून टिकून आहेत. आमच्या बोरगावात कारखाने आले, स्लॅबची घरं वाढली, तरी गावठाणातल्या एखाद्या जुन्या घरी जिना चढून गेलात, की पायाखाली जाड फळ्यांची तक्तपोशी लागते. एके काळी तिथे कापसाचे ढीग पडत, धान्याची पोती रचली जात. लाकूड सातपुड्याच्या रानातलं. छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीच्या घाटात आजही दोन्ही बाजूंना सागच साग दिसतो. अशी माडी ज्यांच्या घरी आहे, त्यांच्यासाठी आजचं हे बोलणं.

माडीची काळजी म्हटलं की पॉलिशचा डबा आठवतो. माझं म्हणणं असं, की आधी वर कवेलूंकडे बघा. पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरले नाहीत, तर एका फुटक्या कवेलूतून चार महिने थेंब-थेंब पाणी एकाच फळीवर पडत राहतं. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिला, की बुरशी धरते. सागाच्या गाभ्यात जात्याच तेलकट द्रव्यं असतात, म्हणून तो इतर लाकडांपेक्षा जास्त काळ तग धरतो. पण सतत ओल राहिली तर सागही कुजतो. विशेषतः तुळयांची भिंतीत गेलेली टोकं तपासा. माती तिथे ओल धरून ठेवते आणि उधईची वाटही तिथूनच येते. भिंतीवर मातीची बारीक नळी चढताना दिसली, तर नुसती झाडून टाकू नका. ती जमिनीतून कुठून निघाली ते शोधा आणि तिथे औषध घाला. फळीखाली पिठासारखा भुसा पडत असेल, तर ते काम भुंग्याचं. तो बहुधा फळीच्या कडेचं पांढरट, कच्चं लाकूड खातो. तांबूस गाभ्याच्या वाटेला सहसा जात नाही.

आता फटींचं. वैशाखात दोन फळ्यांमधून खालची खोली दिसायला लागली, की घरचे लोक पुट्टी, सिमेंट, हाताला लागेल ते भरतात. तसं करू नका. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र फूटभर फळी उन्हाळा-पावसाळ्यात दोन-चार मिलिमीटर सहज कमी-जास्त होते. वैशाखातली फट श्रावणात आपोआप मिटते. तिथे सिमेंट भरलेलं असेल, तर फुगलेल्या फळीला जागाच उरत नाही. ती मधून उचलते आणि खिळे उपटते. धान्य सांडण्याइतकी मोठी फट असेल, तर सागाची पातळ पट्टी एकाच बाजूच्या फळीला चिकटवा, म्हणजे दुसरी फळी हलायला मोकळी राहील.

दिवाळीच्या साफसफाईत माडीवर बादली ओतायची पद्धत काही घरांत आहे. कृपा करून ती बंद करा. रोज मऊ झाडू आणि मळ असेल तिथे घट्ट पिळलेलं फडकं, एवढं पुरतं. पोती आणि पेट्या ओढत नेऊ नका, उचलून ठेवा. खाली अडकलेला एक खडा फळीभर ओरखडा काढतो.

तेल कधी लावायचं? फळीवर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब मण्यासारखा उभा राहिला, तर अजून गरज नाही. तो पसरला आणि खालचं लाकूड काळवंडलं, तर लाकूड तहानलेलं आहे. मग जवसाचं तेल घ्या. रंगाच्या दुकानात मिळतं ते बेलतेल त्याचंच. फल्लीचं किंवा सोयाबीनचं तेल लावू नका. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि कोरडं पडतं. फल्लीचं तेल तसं वाळत नाही, चिकट राहतं आणि वर धूळ धरतं. जुनं पॉलिश किंवा रंग चढलेला असेल, तर आधी पॉलिशपेपरने रेषेच्या दिशेनं तो काढावा लागेल; त्याशिवाय तेल आत जाणार नाही. दोन भाग तेलात एक भाग टर्पेंटाइन मिसळा आणि फडक्यानं पातळ चोळा. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं तेल पुसून काढा. ही पुसाई कंटाळा न करता करा, कारण वर साचलेलं तेल चिकट कातडीसारखं बसतं. दोन-तीन दिवस वाळू द्या आणि मग दुसरा हात मारा. हे काम माघ-फाल्गुनात करावं; तेव्हा हवा कोरडी असते आणि खिडक्या दिवसभर उघड्या ठेवता येतात. ज्या माडीवर फळ्यांच्या वर मातीचा थर देऊन शेणानं सारवलेलं असतं, तिला तेलाचा उपयोग नाही. तिचं सारवण पातळ ठेवा आणि खालून फळ्या बघत जा.

शेवटी एक गोष्ट, ती घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते. बोळ्यात ती कोंडते आणि काडी न लावताही फडकं पेट घेऊ शकतं. जिथे कापूस ठेवलेला आहे, तिथे तर विचारूच नका. काम झालं, की फडकी तिथल्या तिथे पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवा. मग अंगणात, घरापासून दूर, एक-एक सुटी पसरून कडक होईपर्यंत वाळवा आणि त्यानंतरच टाका.