काळे आडनावाची द्राक्षे

उजनीकाठच्या शेतकरी बंधू-भगिनींनो, ऊस-केळीला जरा बाजूला ठेवू आणि द्राक्षाबद्दल बोलू.

उत्तर सोलापूर तालुक्यातलं नान्नज बहुतेकांना माळढोकामुळे माहीत. पण द्राक्षबागायतदार त्याला काळे घराण्यामुळे ओळखतात. नानासाहेब काळे यांनी थॉम्पसन वाणातून लांब मण्यांची ‘सोनाका’ निवडली. पुढे याच घरातून काळ्या मण्यांची ‘शरद सीडलेस’ आली आणि मग मुलाने निवडलेली, वडिलांचं नाव मिरवणारी ‘नानासाहेब पर्पल’. एकाच आडनावाच्या दोन पिढ्या, दोन्ही संशोधक!

असा नवा वाण घडतो कसा? शेकडो वेलींत एखाद्याच काडीवरचे मणी लांब किंवा गडद निघतात. डोळ्यातच आपोआप बदल झालेला असतो. ती काडी हेरायची, खूण करायची, खुंटावर कलम करायचं आणि पुढच्या हंगामांत गुण टिकतात का, ते पाहायचं. खरी मेहनत इथेच आहे. आपल्यापैकी कितीजण अशी काडी छाटणीत बांधावर फेकतात!

नवा वाण हाती आला, तर त्यावरच्या हक्काचं काय? आपल्या देशात वनस्पतीला पेटंट मिळत नाही. त्याऐवजी २००१ चा वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे. वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर असला की नोंदणी होते. झाडे व वेलींना संरक्षण १८ वर्षांपर्यंत, इतर पिकांना १५. शेतकऱ्याने स्वतःच्या वाणासाठी नोंदणी शुल्क भरायचं नसतं.

तेव्हा बागेत वेगळी काडी दिसली, तर तिला रंगीत फीत बांधा, फोटो काढा आणि मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.