‘स्कूल’ या शब्दाची कुळकथा



‘स्कूल’ हा इंग्रजी शब्द आता खेड्यातील लहान मुलाच्याही तोंडी असतो. इंग्रजीत तो लॅटिनमधील ‘स्कोला’ या शब्दावरून आला आणि लॅटिनने तो ग्रीकांच्या ‘स्खोले’वरून घेतला. या मूळ शब्दाचा अर्थ इमारत नव्हे, अभ्यासही नव्हे. त्याचा अर्थ फुरसत! पोटापाण्याच्या उद्योगातून मोकळीक मिळाली म्हणजे ग्रीक नागरिक ज्ञानचर्चा करीत. पुढे त्या चर्चेला, मग व्याख्यानाला आणि अखेरीस ती जेथे चाले त्या स्थळालाही तेच नाव पडले. कामधंद्याला ग्रीक लोक ‘अस्खोलिया’, म्हणजे फुरसतीचा अभाव, असे म्हणत. ‘अज्ञान’, ‘असत्य’ या शब्दांतील नकारार्थी ‘अ’ तोच येथेही आहे.

एका गुरूच्या अनुयायांच्या परंपरेलाही इंग्रजीत ‘स्कूल’ म्हणतात. संगीतात आपण ‘घराणे’ म्हणतो, तसेच हे. माशांच्या थव्याचा वाचक ‘स्कूल’ हा शब्द मात्र निराळा. तो डच भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ समूह असा आहे. रूप एक म्हणून कूळ एक असे समजू नये, हे यावरून ध्यानी यावे.

आपली ‘शाळा’ संस्कृत ‘शाला’ या शब्दापासून झाली. गोशाळा, धर्मशाळा यांप्रमाणे तिच्यात वास्तूचा बोध आहे. आपल्या शब्दाने घर सांगितले, ग्रीक शब्दाने वेळ सांगितला. शिक्षणास दोन्ही हवीत.

ग्रीकांची ती फुरसत मात्र गुलामांच्या श्रमांवर उभी होती. ती सर्वांच्या मुलांना मिळावी, हा विचार फार पुढचा. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सर्व बडोदे संस्थानात लागू केले. २००९ च्या कायद्याने भारतात ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. ‘सक्ती’ आणि ‘फुरसत’ हे शब्द परस्परविरोधी भासतात. परंतु ही सक्ती वडीलधाऱ्यांवर आहे, ती मुलाला फुरसत लाभावी म्हणून.

गुरांमागे जाणारा मुलगा, धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी, ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर गाव सोडणारे लेकरू, यांच्या नावापुढे हजेरीपटावर ‘गैरहजर’ एवढेच लिहिले जाते. त्यांची फुरसत परिस्थितीने हिरावली आहे. ती त्यांना परत मिळवून देणे, हेच शिक्षकाचे पहिले अध्यापन होय.