सही घेतली म्हणजे संवाद झाला काय?

(विद्यापीठीय ग्रंथालय-कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



आपल्या विद्यापीठांत अंतर्गत संवाद म्हणजे परिपत्रक, अशी समजूत रूढ आहे. शिपाई वही घेऊन फिरतो, प्रत्येक जण सही करतो आणि प्रशासनाच्या लेखी संवाद पूर्ण होतो. आता वहीच्या जागी व्हॉट्सॲपचा गट आला. त्यात केवळ गटप्रमुखानेच लिहावे अशी सोय आहे, आणि ती मोठ्या तत्परतेने वापरली जाते! वहीत निदान सहीशेजारी शेरा तरी मारता येत असे.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील चौथे वाचकाचा वेळ वाचविण्याचे आहे. हे सूत्र नेमके कोठे अडते? एका विद्यापीठात मला एका नियतकालिकाचे जुने खंड हवे होते. देवघेव विभाग दर वेळी सांगे, 'जागेवर नाहीत.' तीन आठवड्यांनी पुस्तके लावणाऱ्या परिचराकडून कळले की ते बांधणीला गेले आहेत. नियतकालिक विभागाने तशी रीतसर नोंदही केली होती. ती शेजारच्या दालनात पोहोचली नव्हती, एवढेच. कोणीही कामचुकार नव्हते.

नियोजनाचे कडवे विरोधक फ्रीड्रिख हायेक यांनी १९४५ सालच्या एका निबंधात असे प्रतिपादन केले की, स्थळकाळाचे बारीकसारीक ज्ञान कोणा एका केंद्रापाशी नसते. ते असंख्य माणसांत विखुरलेले असते. त्यावरून त्यांनी बाजाराचा कैवार घेतला. तो निष्कर्ष आपल्याला मान्य नाही. परंतु निरीक्षण नाकारण्याचे कारण नाही. ग्रंथालयात बाजारभाव नसतात. तेथे हे ज्ञान वर जायचे तर माणसांनी बोललेच पाहिजे. कोणत्या फडताळाला पावसाळ्यात ओल येते, संगणकात रोमन लिपीत भरताना एकाच मराठी लेखकाचे नाव किती तऱ्हांनी पडले आहे, हे प्रथम ठाऊक होते ते परिचराला आणि नोंदी भरणाऱ्या मुलीला.

मग ती बोलत का नाहीत? कारण त्यांच्यापैकी अनेकांची नेमणूक कंत्राटी असते. वरिष्ठांची चूक दाखविली तर पुढचा आदेश निघेल की नाही, ही धास्ती ज्याच्या मनात आहे त्याला संवादकौशल्याच्या शिबिरात बसवून काय साधणार? हा प्रश्न कौशल्याचा कमी आणि नोकरीच्या शाश्वतीचा अधिक आहे.

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचे तत्त्व कलम ४३-अ म्हणून संविधानात आले. ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने न्यायालयातून बजावून घेता येत नाही, हे खरे. परंतु ग्रंथालयाला ते लागू पडते की नाही याचा काथ्याकूट करण्यापेक्षा आठवड्यातून अर्धा तास, कामाच्याच वेळेत, सर्व विभागांची बैठक घ्यावी. अध्यक्षस्थान आळीपाळीने असावे आणि विचारलेल्या प्रश्नाला पुढील बैठकीपूर्वी लेखी उत्तर मिळावे. खर्च म्हणाल तर एका वहीचा.

कंत्राटी कर्मचाऱ्याने मांडलेला मुद्दा मात्र इतिवृत्तात त्याच्या नावे न नोंदविता विभागाच्या नावे नोंदवावा. आणि ज्या संघटनांच्या घटनेत केवळ कायम कर्मचाऱ्यांनाच सभासदत्व आहे, त्यांनी प्रशासनाकडे ही मागणी नेण्यापूर्वी आपले ते कलम बदलून घ्यावे.