तिकिटापलीकडचे कागद

टपाल तिकिटे जमवणारे तिकिटांसोबत आलेल्या पावत्या, रजिस्टरची लेबले, तारेचे कागद सहसा फेकून देतात. काम संपले की टाकायच्या अशा कागदांना संग्राहक ‘एफेमेरा’ म्हणतात. तिकीट सरकारने काय छापले ते सांगते. लोकांनी टपाल कसे वापरले, हे मात्र या कागदांतूनच कळते. मनिऑर्डरच घ्या. पुणे-दौंड लोहमार्गावरच्या खुटबावसारख्या गावी मुंबईहून पैसे यायचे, तेव्हा फॉर्मचा तळाचा तुकडा पोस्टमन घरी देई आणि सही किंवा अंगठा उमटलेली पोच पाठवणाऱ्याकडे परत जाई. त्या तुकड्यावर दोन ओळींत घरची सगळी चौकशी मावे. कमिशन रोखीने घेतले जाई, म्हणून फॉर्मवर तिकीट नसे. निव्वळ तिकिटांच्या अल्बममध्ये हा सारा व्यवहार दिसतच नाही.

यावर आक्षेप असा, की अशा कागदांची ना सूची, ना ठरलेली किंमत. मग रद्दी आणि संग्रह यांत फरक काय? फरक निवडीचा आहे. तारीख, शिक्का, मार्ग आणि उपयोग सांगता येत असेल, तर तो कागद पुरावा ठरतो. जागतिक टपाल प्रदर्शनांतल्या ‘ओपन फिलाटेली’ विभागात निम्म्यापर्यंत टपालाबाहेरचे साहित्यही चालते. शिवाय १८५२ सालचे ‘सिंध डाक’ तिकीट जपायला संग्रहालये आहेत. जुलै २०१३ मध्ये बंद झालेल्या तारसेवेचा साधा कागद घरातल्या ट्रंकेतच टिकला तर टिकतो. रजिस्टर पोस्टही २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, तेव्हा त्याची जुनी लेबले पाकिटावरून न सोलता पाकिटासकट ठेवावीत.